एका हजाराच्या येरझारा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली, तरी तू पुरता नमस्कार पोचला असं समज. हल्ली जेवढं निघतं तेवढं कुठेच पोचत नाही, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या फोनवर म्हणालीस की जिना चढताना उजवा दुखतो आणि उतरताना डावा. म्हणजे निदान दोघांनी काम वाटून घेतलंय, आमच्या घरात तेवढाही समजूतदारपणा नाही. भावोजींचा रक्तदाब आणि भावोजींचा नवा धंदा, ह्यांपैकी ज्याने खाली यायचं ते खाली आणि ज्याने वर जायचं ते वर जात असेल अशी आशा करतो. भाचीला अनेक आशीर्वाद. हे पत्र तिच्याच मेलवर पाठवतोय, ती छापून तुझ्या हातात देईल. इकडे आम्ही मजेत. आईचं विचारशील तर सकाळपासून घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही चुकतंच आहे असं तिचं ठाम मत आहे, आणि डॉक्टर म्हणतात ह्या वयात इतकी तरतरी भाग्याची. पुढच्या महिन्यात तिला पंचाहत्तर पूर्ण होतात, हे मी तुला सांगायला नको.

पत्रास कारण की तू परत पाठवलेले पैसे पोचले. पोचले म्हणजे, मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस लग्नाला पोचतो तसे. ओळखू आले, एवढंच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. ‘बरं बरं, कळलं, ठेव आता’ म्हणतेस आणि स्वतःच ठेवतेस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. तेव्हा पाणी पिऊन बस, गुडघे वर घे आणि तुझ्या भावाने तुला घरी आणायला केलेल्या खटपटीची कहाणी ऐक. कारण मला हवं होतं ते एवढंच होतं, की आईच्या पंचाहत्तरीला तू घरात असावीस. सहा वर्षं झाली तुला येऊन. त्यात धंदा बसला, घर बदललं, भाचीचं शिक्षण आलं, हे सगळं मला मान्य आहे. आईलाही मान्य आहे. म्हणून तर ती कधी विचारत नाही, आणि तिने न विचारणं हे विचारण्यापेक्षा किती भारी पडतं ते तू तिकडे आहेस म्हणून तुला माहीत नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो. ते तुला कधी नीट कळलेलं नाही, पण त्यात तुझा दोष नाही, हिलाही लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. सुट्या भागांचं कपाट विकत आणलं की खोक्यातून एक घडीचा कागद निघतो. त्यावर अक्षर नसतं, नुसती चित्रं. एक हात फळी धरतो, दुसरा स्क्रू पिळतो आणि सहाव्या चित्रात कपाट उभं राहतं. (चित्रात. घरात काय होतं तो वेगळा विषय.) तो हात मी काढतो. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली माझा डावा पंजा, आणि उजव्या हाताने मी त्याचं चित्र काढत बसतो. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस स्वतःला भविष्य सांगतोय. तिकडच्या एका कपाटवाल्या कंपनीला माझा हात आवडला. त्यांच्या अटी मात्र लग्नाच्या जाहिरातीपेक्षा कडक. हाताला वय नको, केस नकोत, अंगठी नको, बाईचा की बुवाचा ते कळायला नको. एकदा कळवलं की हात जरा उत्साही वाटू दे. मी बोटं किंचित वर उचलली, ते खूश झाले. जिथे चूक दाखवून वर फुली मारायची असते तिथे पूर्वी मी तुझ्या भावजयीचा हात घ्यायचो. तिने एकदा वाकड्या करंगळीवरून ओळखला. तेव्हापासून चुकासुद्धा मला माझ्याच हाताने कराव्या लागतात.

तर तीन दारांच्या कपाटाचे मला एक हजार ठरले. तिकडचे हजार. मी हळूच चौकशी केली होती, तिकडच्या हजारात तुझं जाण्यायेण्याचं तिकीट नीट बसत होतं आणि वर भावोजींना महिनाभर पुरेल एवढं डब्यातलं जेवणही सुटत होतं. म्हणजे ह्या वेळी कपाटाचं तिकीट करायचं, असं मी मनात धरलं आणि घरात सांगून टाकलं. त्या दिवसापासून आईने पेपर मागच्या पानाकडून वाचायला सुरुवात केली, जिथे परकीय चलनाचे भाव असतात. पूर्वी ती आम्हाला सकाळी राशिभविष्य वाचून दाखवायची. आता मी तोंड धुवत असताना बाहेरून आवाज यायचा, ‘तुझं तिकडचं नाणं आज घसरलंय रे!’ जणू काही मीच त्याला ढकललं.

पैसे आले म्हणून बँकेतून निरोप आला तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. परदेशी व्यवहाराचं टेबल वरच्या मजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्रामागे आहे. समोरच्या खुर्चीला एकच हात आहे, त्यामुळे तिथे बसलेला प्रत्येकजण आपोआप एका बाजूला कललेला आणि गरजू दिसतो. टेबलावर ज्या बाई बसतात त्यांना बारा महिने सर्दी असते. (नाव मला ठाऊक नाही, मी मनात त्यांना सर्दीबाई म्हणतो. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण वाईट बातमी आधी शिंकून मग सांगतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की बातमी संसर्गजन्य आहे.) त्या शिंकल्या. म्हणाल्या, ‘नऊशे पंचावन्न आलेत.’

‘हजार निघाले होते.’

‘निघाले असतील.’

मग कळलं ते असं. तिकडच्या बँकेने पाठवण्याचे वीस कापले. ते ठीक आहे, सोडणाऱ्यानेही काहीतरी घ्यावंच. पण पैसे तिथून सरळ आपल्या बँकेत येत नाहीत. दोन्ही बँकांची एकमेकींशी बोलचाल नाही, म्हणून मधे एक तिसरी बँक असते जिचं दोघींशी बरं आहे. पैसे तिच्याकडे उतरतात, पंचवीस टेकवतात आणि पुढची गाडी पकडतात. आपल्या ओळखीत नाही का काही माणसं असतात, ज्यांच्या घरावरून कुठेही जायचं म्हटलं की चहा प्यावाच लागतो? तसं. फरक एवढाच की इथे चहा ते पितात आणि पैसे आपण देतो. ही मधली बँक कुठल्या गावी आहे, म्हटलं. सर्दीबाईंना माहीत नव्हतं. त्यांच्या शेजारच्यांनाही नव्हतं. मी म्हटलं, माझे पंचवीस कुठे गेले त्याचा तपास करा. त्यांनी आनंदाने तपासाचा अर्ज पुढे केला. तपासाचं शुल्क तीस. मी ते भरलं, ताई. भरलं! तुझा भाऊ पंचवीसच्या मागे तीस घेऊन धावला. आठ दिवसांनी तपासाचा निकाल आला, की आपले पंचवीस सुखरूप असून ते शुल्क म्हणून कापण्यात आलेले आहेत.

आता उरलेले नऊशे पंचावन्न बदलायचे होते. बँकेत एक फळा आहे, त्यावर तिकडच्या नाण्याचे दोन भाव लिहिलेले असतात. आपण त्यांना द्यायला गेलो की एक, त्यांच्याकडून घ्यायला गेलो की दुसरा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खडूने लिहिलेले. मी सर्दीबाईंना विचारलं, ‘हीच नोट ह्या खुर्चीवरून दिली तर म्हातारी आणि शेजारच्या खुर्चीवरून मागितली तर सोळा वर्षांची, हे कसं?’ त्या म्हणाल्या, ‘शेजारच्या खुर्चीवर आज कुणी नाही, रजेवर आहेत.’ ह्याला मी उत्तर म्हणतो. असं उत्तर देता येण्यासाठीच माणसाने सरकारमान्य नोकरी करावी. पेपरात आई वाचते तो भाव फळ्यावर कुठेच नव्हता. तो म्हणे बँका एकमेकींत वापरतात. आपल्याला तो फक्त वाचायला देतात.

बदलून कधी घ्यायचे ते पंधरवड्यात सांगा, अशी सवलत मिळाली. ती मिळाली नसती तर फार बरं झालं असतं, कारण घरात दोन पक्ष पडले. हिचं म्हणणं थांबा, भाव वर जाईल. आईचं म्हणणं आजच बदल, उद्याचं कुणी पाहिलंय. दोघी सकाळी पेपर घेऊन बसायच्या आणि भाव केसभर वर गेला की ही चहात साखर जास्त घालायची, केसभर खाली आला की आई. (मला गोड चालत नाही हे दोघींनाही माहीत आहे. पण ह्यात मी कुठेच नव्हतो.) शेवटच्या दिवशी भाव होता तिथेच येऊन बसला. मी जाऊन बदलून आणले. त्यावर आवक शुल्क, शुल्कावर कर, आणि एक बारीकशी रक्कम जिच्यापुढे नुसतं ‘समायोजन’ असं लिहिलं होतं. सगळं जाऊन हातात आलं ते तिकडच्या नऊशेच्या तोलाचं. आईने परदेशचे पैसे बघायचेत म्हणून आधीपासून सांगून ठेवलं होतं, म्हणून मी सगळे रोख काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवले. तिने चष्मा लावला, एक नोट उचलली, उजेडात धरली आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, ‘अरे, हे तर आपलेच आहेत!’

दुसऱ्या दिवशी तेच पैसे बँकेत भरले आणि तुला पाठवायला पुन्हा वरच्या मजल्यावर गेलो. सर्दीबाई म्हणाल्या, आलात? त्या क्षणी शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ नेमके रजेवरून परतले होते आणि नोट झटकन सोळा वर्षांची झाली. पाठवण्याच्या फॉर्मवर तीन चौकोन असतात. खर्च पाठवणाऱ्याचा, खर्च घेणाऱ्याचा, खर्च निम्मा निम्मा. मी भाऊ आहे. बहिणीच्या तिकिटावर तिच्याच माथी खर्च मारू? छाती पुढे काढून पहिल्या चौकोनात खूण केली. सर्दीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता ह्या रडतील, पण ती सर्दी होती. सगळा खर्च माझ्याकडून मोजून घेतला, तो त्याच पैशातून गेला, आणि तरीसुद्धा तुझ्याकडच्या बँकेने तुझ्या दारात उभं राहून आणखी थोडे काढून घेतलेच. तुझ्या हातात पडले आठशे. मी तुला ‘तिकिटासाठी’ असं लिहिलं होतं. आणि तुझा निरोप आला, की अरे, एवढ्यात तिकीट होत नाही, वरचे घालायला आत्ता जमणार नाही, तुझ्याकडून अजून घेणं बरं दिसत नाही, माझ्याकडे उगाच पडून राहतील, परत पाठवते, आईला ठेव.

ताई, तो निरोप मी आईला वाचून दाखवला नाही. नेटवर्क नव्हतं म्हणून सांगितलं. बघ, हजार निघाले होते. हजार तुझ्या हातात पडते तर तू आली असतीस. तुझ्या येण्यात तुझा मोठेपणा आड आला नाही की भावोजींचा धंदा. दोनशे आड आले, आणि ते दोनशे तू घेतले नाहीस, मी घेतले नाहीत, आईने तर नोटसुद्धा परत ठेवली. ते वाटेत वेगवेगळ्या टेबलांवर बसून राहिले. मला सांग, इतक्या सभ्य रीतीने कुणी कधी लुटला गेला असेल का? प्रत्येक ठिकाणी पावती मिळाली!

आणि तू ते आठशे परत पाठवलेस. त्यावर मी काही बोलत नाही, एवढंच सांगतो की फॉर्मवरच्या तीन चौकोनांपैकी तू ‘खर्च घेणाऱ्याचा’ ह्यावर खूण केली होतीस. (फॉर्म भावोजींनी भरला असेल. भावोजी थोर आहेत.) आपल्या घराची ही खोड जुनी आहे. मागच्या खेपेला तू निघालीस तेव्हा आईने दारात तुझ्या हातात नोटा कोंबल्या, तू त्या तिच्या पदरात टाकल्यास, तिने टॅक्सीच्या खिडकीतून आत फेकल्या, तू वळणावरून टॅक्सी मागे आणलीस आणि चपलांच्या कपाटावर ठेवून पळालीस. तेव्हा आजूबाजूचे गॅलरीत येऊन बघत होते. पण त्यात एक गोष्ट होती, नोटा कितीही वेळा इकडून तिकडे गेल्या तरी तेवढ्याच राहायच्या. फारतर चुरगळायच्या. आता आपण तीच दारातली ओढाताण समुद्रापलीकडून करतोय, आणि तू ‘घे’ म्हटलं की शंभर जातात, मी ‘नाही, तूच ठेव’ म्हटलं की शंभर जातात. तुझे आठशे इथे पोचले तेव्हा सातशेच्या आत आले होते. अजून सात वेळा एकमेकांचा मान राखला असता तर आपण बँकेला देणं लागलो असतो.

पुढचं ऐक. पैसे आल्यावर सर्दीबाईंचा फोन, साहेबांनी बोलावलंय. साहेबांची खोली काचेची, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आणि त्याला घातलेलं खरं पाणी. साहेब माझ्या पुतण्याच्या वयाचे. त्यांनी माझ्या खात्याचा कागद पुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, ‘काका, हीच रक्कम तिकडून आली, तिकडे गेली आणि पुन्हा तिकडून आली. ह्याच्यामागे काय आहे?’

‘आग्रह,’ मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग थांबले आणि खोडलं. मग मला समजावून सांगितलं की असे व्यवहार दिसले की वर कळवावं लागतं, कारण काळ्याचं पांढरं करणारे लोक पैसे असेच गोल गोल फिरवतात. मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडे एवढं घासून निघाल्यावर रंग कुठला दिसायचा, आधी कापड तर उरू दे! त्यांना हसू आलं, पण काचेची खोली असल्यामुळे त्यांनी ते दाबलं. तुझ्याकडून पैसे कशासाठी आले त्याचं कारण लिहून द्या, म्हणाले. बाहेर सर्दीबाईंकडे कारणांची छापील यादी होती.

‘बहिणीचा मान,’ मी सांगितलं.

‘यादीत नाही.’

‘रुसवा?’

‘तोही नाही. मालाची विक्री आहे, घरखर्च आहे, उपचार आहेत.’ मग त्या शिंकल्या आणि नाक पुसत म्हणाल्या, ‘तुमच्या ताई येत का नाहीत हो? एवढ्यात त्या आल्या असत्या.’

मी यादी वाचल्यासारखं केलं. त्यांनी ‘इतर’ लिहिलं. तर ताई, बँकेच्या दप्तरात तू आणि मी आता ‘इतर’ आहोत.

पण खरा घाव पुढेच आहे. सही करताना सहज त्या कागदावर नजर गेली. तुझ्या आठशेवर जी पाठवणारी शाखा लिहिली होती, तीच शाखा माझ्या मूळ हजारावरही होती. तोच रस्ता, तोच घरक्रमांक. घरी येऊन मी कंपनीचं जुनं बिल काढलं. कंपनी तुझ्याच गावात आहे! दोन वर्षं बिलावर तो पत्ता मीच टाकतोय, पण आपणच लिहिलेलं आपण वाचतो कुठे? भाचीला विचारलं तर म्हणाली, मामा, ते कपाटवाले ना, आमच्या घरापासून बसने दोन थांबे. म्हणजे बघ, जे हजार एका पाकिटात घालून, चालत, हवा खात, तुझ्या गुडघ्यांना बरं वाटेल एवढ्या अंतरावरून तुझ्या घरी येऊ शकत होते, ते मी अर्ध्या जगाला वळसा घालून आणले, त्यांना फळ्यापुढे म्हातारं केलं, आईला दाखवले, पुन्हा तरुण करून, पुन्हा वळसा घालून, ज्या दारातून निघाले त्याच दारात नेऊन सोडले आणि तू तिथून त्यांना परत माझ्याकडे हाकललंस. त्या पैशांना जर तोंड असतं तर त्यांनी आपल्या दोघांना काय म्हटलं असतं ते मी लिहीत नाही, भाची वाचणार आहे.

असो. मी आता तो नाद सोडला. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या अडचणी मला कळतात, धाकट्याच्या पैशावर येणं तुला पटत नाही हेही कळतं (चुकीचं आहे, पण कळतं). जमेल तेव्हा ये. आईची काळजी करू नकोस, ती अगदी मजेत आहे. ‘तिला सवड नसेल,’ एवढंच म्हणते आणि विषय बदलते. तुझ्या खोलीतले पडदे तिने ह्या महिन्यात दोनदा धुवायला काढले, कारण विचारलं तर म्हणाली धूळ. परवा मला खाट खिडकीपासून उचलून भिंतीकडे सरकवायला लावली. खिडकीतून वारा येतो, गुडघ्याला लागतो, म्हणाली. तिचे स्वतःचे गुडघे ठणठणीत आहेत. कुणाचे दुखतात ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कंबर माझी तेव्हाच धरली. तेव्हा आमची तू अजिबात चिंता करू नकोस, स्वतःला जप, भावोजींना नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक (ह्यातूनही वाटेत थोडं कापलं जाईल),

धाकटा

ता. क. तू परत पाठवलेल्यातले उरलेले पैसे तू म्हणालीस तसे आईलाच दिले. तिने त्यांची नवी गादी आणली. स्वतःच्या खाटेवर घातलेली नाही.

आणखी एक ता. क. मी वर नाद सोडला म्हणून लिहिलं ते बँकेच्या बाबतीत. ह्या महिन्यात मी त्याच कंपनीसाठी खण असलेला पलंग काढला, त्याचेही हजारच ठरले होते. ह्या वेळी त्यांच्या हिशेबनिसाला कळवलं की पैसे मला अजिबात पाठवू नका, तुमच्या गावात माझी बहीण राहते, त्या पैशांत तिच्या नावाचं विमानाचं तिकीट काढा आणि बिलावर ‘पोचले’ असं लिहा. तो म्हणाला, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, पण बँकेचा फॉर्म भरण्यापेक्षा हे सोपं आहे. तिकीट निघालं. जाण्यायेण्याचं. तुझ्या पासपोर्टचा नंबर आणि तुझ्या रजेच्या तारखा भाचीने दिल्या. तिला रागावू नकोस, तिने वर ‘आईला कळू देणार नसशील तरच देते’ (तिची आई, म्हणजे तू) अशी अटही घातली होती आणि मी ती आजपर्यंत पाळली. ह्या पत्राच्या मागे जो दुसरा कागद टाचलेला आहे, तो तिकीट आहे. तू मघापासून त्यावर पेला ठेवला असशील तर उचल.

पुन्हा एक. तू आता काय करणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो. हिशेबनीस म्हणाला होता, थोडे जास्त घातले तर रद्द करून पैसे परत घेता येतील असं तिकीट मिळतं. माझ्या हजारात तेही बसत होतं. मी मुद्दाम दुसरं घ्यायला लावलं. हे परत होत नाही, बदलता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही, आईला ठेवता येत नाही. ह्यावर फक्त बसता येतं. उरलेले थोडे पैसे तो भावोजींच्या डब्यासाठी भाचीकडे देणार आहे, तिथेही ओढाताण करू नकोस, तो परका माणूस आहे, घाबरेल.

शेवटचं. उतरल्यावर विमानतळावर त्या काचेच्या खिडकीपाशी पैसे बदलायला थांबू नकोस. तुला टॅक्सी, हमाल, चहा जे काही लागेल त्याचे सुटे घेऊन मी दाराबाहेर उभा असेन.